प्राथमिक शाळांचा अर्थप्रबंध, महाराष्ट्रातील

शासनाने ठरवून दिलेल्या शैक्षणिक मानकांनुसार सार्वजनिक प्राथमिक शाळा चालविण्यासाठी किती द्रव्य लागते आणि ते कोणी, कोणत्या सूत्राने पुरवावयाचे, यासंबंधीचा विचार व व्यवस्था. शाळेच्या खर्चाचे अनावर्ती (इमारत, विहीर वा नळ, स्वच्छतागृह, फर्निचर) आणि आवर्ती (शिक्षकांचे वेतन, शैक्षणिक साहित्य, दुरुस्ती, वीज) असे दोन भाग पडतात. आवर्ती खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

शाळेला द्यावयाची रक्कम दोन मार्गांनी ठरविता येते. एका मार्गात आधी उत्पन्नाचे साधन निश्चित होते आणि त्यातून जेवढे मिळेल तेवढे शाळेच्या वाट्यास येते. दुसऱ्या मार्गात आधी शाळेचे मानक निश्चित होते, त्याचा खर्च काढला जातो आणि मग ती रक्कम उभारली जाते. महाराष्ट्रातील गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहता मानके वाढत गेली, परंतु पैसा बहुधा पहिल्याच मार्गाने वाटला गेला, असे दिसते. या विसंगतीची झळ दाट वस्तीच्या सधन गावांपेक्षा विरळ वस्तीच्या डोंगरी भागांना अधिक लागली. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे त्याचे बोलके उदाहरण होय.

मुळशी तालुक्याची रचना : पुणे शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या या तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड हे आहे. एकोणिसाव्या शतकात हा भाग मुळशी पेटा म्हणून हवेली तालुक्यास जोडलेला होता. पश्चिम भागात अतिवृष्टी, खोऱ्यांतून भातशेती आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई ही पिके, असे येथील शेतीचे स्वरूप आहे. मुळा नदीवर टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. सत्याग्रह अयशस्वी होऊन खोऱ्यातील उत्तम भातजमिनी पाण्याखाली गेल्या आणि अनेक कुटुंबे जलाशयाच्या काठावरील उंच जागी लहान लहान वाड्या करून राहिली. धनगर व कातकरी यांच्या वस्त्याही डोंगरात विखुरलेल्या आहेत. याउलट तालुक्याच्या पूर्व भागातील हिंजवडी, माण, मारुंजी, पिरंगुट ही गावे १९९० नंतरच्या काळात माहिती तंत्रज्ञान, कारखाने व गृहबांधणी यांमुळे झपाट्याने वाढली. परिणामी एकाच तालुक्यात एकीकडे वर्गखोल्या अपुऱ्या पडणाऱ्या शाळा, तर दुसरीकडे दहा-बारा मुलांच्या वाडीवरील शाळा आढळतात. त्या सर्वांस लागू होणारे अनुदानाचे सूत्र मात्र एकच असते.

लोकवर्गणी व लोकल फंड : इंग्रजी अमलापूर्वी गावची शाळा पंतोजी चालवीत असे आणि पालकांकडून मिळणारे धान्य व किरकोळ फी यांवर त्याचा चरितार्थ चाले. १८१३ च्या सनदेच्या कायद्याने कंपनी सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये राखून ठेवावेत, असे ठरले. मुंबई इलाख्यात गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) याने देशी भाषांतील शाळांस उत्तेजन दिले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने साहाय्यक अनुदानाचे तत्त्व मान्य केले आणि पुढील वर्षी इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले.

याच सुमारास मुंबई इलाख्यात अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत सुरू झाली. शाळेसाठी जागा, किरकोळ खर्च व शिक्षकाचा निम्मा पगार गावाने द्यावयाचा आणि उरलेला निम्मा पगार सरकारने, असे तिचे स्वरूप होते. ही पद्धत वरवर न्याय्य वाटली, तरी जे गाव आपला हिस्सा जमवू शके तेथेच सरकारचा पैसा पोहोचे. ज्या गावाला साहाय्याची निकड अधिक, ते साहाय्यास अपात्र ठरे.

हा दोष दूर करण्यासाठी १८६३ पासून जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला. त्याचा दोनतृतीयांश भाग रस्ते इ. कामांसाठी व एकतृतीयांश शिक्षणासाठी असे. १८६९ च्या मुंबईच्या तिसऱ्या अधिनियमाने त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. खेड्यातील शाळांना कायमचे उत्पन्न मिळवून देणारी ही पहिली व्यवस्था होय. तथापि तीत किती पैसा मिळावा हे शाळेच्या गरजेवरून ठरत नसून जमिनीच्या आकारणीवरून ठरत होते. एक हजार रुपये सारा असलेल्या गावातून ६२ रुपये ८ आणे उपकर जमे व त्यातील शिक्षणाचा वाटा २० रुपये १३ आणे ४ पै एवढा येई. महिना १२ रुपये पगाराचा एक शिक्षक नेमावयाचा, तर वर्षाला १४४ रुपये लागत. म्हणजे केवळ स्वतःच्या वाट्यावर एक शिक्षक पोसण्यासाठी गावाचा सारा ६,९१२ रुपये असणे आवश्यक होते. हा निधी जिल्ह्यासाठी एकत्रित होत असल्याने काही गावांना आपल्या भरण्यापेक्षा अधिक मिळे, तर उपकर भरूनही काही गावे शाळेविना राहत. वरकस जमिनीच्या, हलक्या आकारणीच्या डोंगरी मुलखाला या व्यवस्थेत स्वतःचा असा आधार नव्हता.

फुले यांचे निवेदन : १८८२ च्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात शिक्षणाच्या अर्थप्रबंधाची मूलगामी चिकित्सा आढळते. सरकारी महसुलाचा फार मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ मुख्यतः वरच्या वर्गांना होतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, लोकल फंडातील अधिक वाटा खेड्यांतील प्राथमिक शाळांना द्यावा आणि मागासलेल्या जातींतील मुलांसाठी प्रोत्साहनपर भत्ते ठेवावेत, अशा मागण्या त्यांनी केल्या. शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी असू नये व मोठ्या गावात तो १५ ते २० रुपये असावा, असेही त्यांनी सुचविले. चांगला शिक्षक हवा असेल तर त्याला किती द्यावे लागेल, हा विचार त्यात आधी येतो आणि पैसा कोठून काढावयाचा, हा नंतर. या दृष्टीने गरजेवर आधारलेल्या अर्थप्रबंधाचा महाराष्ट्रातील हा पहिला ठळक उच्चार मानता येईल.

हंटर आयोगाने स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा पहिला हक्क मानला आणि शाळा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. १८८४ च्या स्थानिक मंडळांच्या अधिनियमानंतर मुंबई इलाख्यात ती अंमलात आली. जबाबदारी खाली सोपविली गेली, परंतु उत्पन्नाची साधने त्या प्रमाणात वाढली नाहीत.

निकालानुसार अनुदान : या काळातील दुसरी महत्त्वाची पद्धत म्हणजे परीक्षेच्या निकालावरून अनुदान देण्याची. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या सुधारित संहितेने ती रूढ केली व लवकरच मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांनाही ती लागू झाली. निरीक्षकाच्या परीक्षेत जेवढी मुले उत्तीर्ण होतील तेवढे अनुदान, असा हा हिशेब होता. मुले पावसाळ्यात व शेतीच्या हंगामात गैरहजर राहतात अशा ठिकाणी निकाल कमी लागे, त्यामुळे अनुदान कमी होई आणि त्यामुळे पुढील निकाल आणखी खालावे. १९०४ च्या सुमारास कर्झनच्या शिक्षणविषयक धोरणाने ही पद्धत मोडीत निघाली. मात्र मानक गाठल्यावर पैसा द्यावयाचा की मानक गाठता यावे म्हणून द्यावयाचा, हा तिने उभा केलेला प्रश्न पुढेही राहिला.

गोखले यांचा हिशेब व त्यानंतरचे कायदे : गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथे स्थानिक संस्थेने सक्ती लागू करावी व वाढीव खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने सोसावा, असा त्याचा आशय होता. दर मुलामागे वर्षाला सुमारे पाच रुपये खर्च धरून देशभराच्या एकूण खर्चाचा अंदाज त्यांनी मांडला होता. शिकू पाहणाऱ्या मुलांच्या संख्येपासून आरंभ करून सरकारी तिजोरीवरील भारापर्यंत पोहोचणारी ही मांडणी तत्कालीन सरकारला मानवली नाही. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. संस्थानांत मात्र भिन्न चित्र दिसले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला, तर कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून त्यासाठी स्वतंत्र तरतूद केली.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शाळांचे नियंत्रण स्थानिक संस्थांकडे दिले आणि मान्य योजनेच्या वाढीव खर्चापैकी नगरपालिकांना निम्मा व जिल्हा स्थानिक मंडळांना दोनतृतीयांश वाटा सरकारने द्यावा, असे ठरविले. ग्रामीण भागाला अधिक वाटा देण्यात विषमता कमी करण्याचा हेतू होता. परंतु उरलेला एकतृतीयांश भाग उभारणे जिल्हा मंडळांना अवघड गेले आणि १९३० नंतरच्या मंदीत सक्तीच्या योजना रेंगाळल्या. अंशतः स्वावलंबी शाळांच्या वेळी जो अनुभव आला, तोच येथे जिल्ह्याच्या पातळीवर आला.

गुणवत्ता की प्रसार : १९२९ च्या हार्टॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगन यांकडे लक्ष वेधून, नव्या शाळा काढण्यापेक्षा असलेल्या शाळा सुदृढ कराव्यात, असे सुचविले. एकशिक्षकी लहान शाळा हा तिच्या मते अपव्ययाचा एक भाग होता. रा. वि. परुळेकर यांनी या भूमिकेस साधार विरोध केला. निरक्षरता एवढी मोठी असताना मोजक्या शाळांच्या गुणवत्तेसाठी प्रसार थांबविणे अन्याय्य आहे, उपलब्ध पैशात अधिक मुलांना शिकविण्यासाठी पाळी पद्धतीसारखे उपाय योजावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही पक्षांनी पैशाची मर्यादा गृहीत धरली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मर्यादित रक्कम थोड्या शाळांवर खर्चावी की अनेकांवर पसरावी, एवढाच वाद होता. ती मर्यादाच मुळात योग्य आहे काय, हा प्रश्न मागे पडला.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने खर्चाचा मुख्य भार राज्य शासनाने उचलला. शिक्षणाच्या अर्थसाधनांचा विचार करण्यासाठी बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केंद्राने आपल्या महसुलाचा १० टक्के व राज्यांनी २० टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा १९६१ चा अधिनियम होऊन १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून मिळू लागल्याने गावाच्या साऱ्यावर शिक्षकाची नेमणूक अवलंबून राहिली नाही. मुळशीसारख्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर शाळा पोहोचू शकल्या, त्याचे श्रेय प्रामुख्याने या बदलास द्यावे लागेल. परंतु इमारत, दुरुस्ती व साहित्य यांबाबत जिल्हा परिषदेचा उपकर, ग्रामपंचायतीचे उत्पन्न आणि लोकवर्गणी यांवरील अवलंबन पूर्णपणे संपले नाही.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असे उद्दिष्ट १९८५-८६ सालासाठी ठेवले. ते उद्दिष्ट त्यानंतरच्या प्रत्येक राष्ट्रीय धोरणात, २०२० च्या धोरणातही, पुन्हा उच्चारले गेले आहे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता व संख्या यांचा मेळ हा भारतीय शिक्षणातील हाती न येणारा त्रिकोण होय, असे १९७५ मध्ये मांडले. त्यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यास आली. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने पुणे जिल्ह्यातील ग्रामीण मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचे प्रयोग केले. दिवसा गुरे राखणाऱ्या वा घरकाम करणाऱ्या मुलामुलींना सोयीच्या वेळी शिकविता येते, हे त्यांतून दिसून आले.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणास अनुसरून आलेल्या खडू-फळा मोहिमेने (१९८७) प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य हे न्यूनतम मानक ठरविले. शाळेचे एकक धरून आधी मानक व मग खर्च, असा क्रम देशव्यापी योजनेत येथे प्रथमच दिसतो. पटसंख्या कितीही असली, तरी दोन खोल्या व दोन शिक्षक लागतातच, हे तीत मान्य केले होते. सर्व शिक्षा अभियानात (२००१) प्रत्येक शाळेस वर्षाला २,००० रुपये शाळा अनुदान, प्रत्येक शिक्षकामागे ५०० रुपये व देखभालीसाठी कमाल ५,००० रुपये, असे प्रारंभीचे दर होते. रकमा तुटपुंज्या होत्या, पण शाळा अनुदान लहान व मोठ्या शाळांना सारखेच मिळे.

याच काळात खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी महाराष्ट्रात वस्तीशाळा व शिक्षणसेवक या योजना आल्या. वस्तीशाळांतून दुर्गम वस्त्यांवर मानधनावरील स्वयंसेवकांकडून शिक्षण दिले गेले आणि अनेक ठिकाणी मुलांना त्यामुळे प्रथमच शाळा मिळाली. शिक्षणसेवक योजनेत (२०००) नवनियुक्त शिक्षकास पहिली तीन वर्षे नियमित वेतनाऐवजी मानधन मिळते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे ६,००० रुपये असलेले मासिक मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये करण्यात आले. मानकाचा खर्च झेपत नाही म्हणून मानकाचा सर्वांत महाग घटक, म्हणजे शिक्षक, स्वस्तात मिळविण्याचा हा मार्ग होता.

शिक्षणाचा हक्क व खर्चाचे अंदाज : उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. २००२ मधील शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने त्यास संविधानात स्थान मिळाले व २००९ च्या अधिनियमाने १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. हक्क द्यावयाचा तर किती पैसा लागेल, याचे अंदाज या काळात केंद्रीय पातळीवर झाले. तपस मजुमदार समितीने (१९९९) दहा वर्षांसाठी सुमारे १.३७ लाख कोटी रुपयांचा, तर अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी २०१० ते २०१५ या पाच वर्षांकरिता सुमारे २.३१ लाख कोटी रुपयांचा अंदाज करण्यात आला. गोखले यांच्या नंतर गरजेवरून खर्च काढण्याची परंपरा येथे पुन्हा जिवंत झाली.

अधिनियमाच्या परिशिष्टात मानके नेमकेपणाने दिली आहेत. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकगृह, क्रीडांगण, ग्रंथालय आणि वर्षात किमान २०० दिवस अध्यापन, ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किमी. व सहावी ते आठवीसाठी तीन किमी. अंतरात शाळा असावी, असे सांगितले. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांची प्रतिपूर्ती करताना शासनाचा दर मुलामागील खर्च हे प्रमाण मानले जाते. हा आकडा एकूण खर्चास एकूण पटसंख्येने भागून येणारी सरासरी असतो. प्रत्यक्षात एखाद्या विशिष्ट शाळेला मानक गाठण्यासाठी किती लागते, हे त्या सरासरीत दिसत नाही.

पटसंख्येचे गणित : सरासरीवर विसंबण्यातील अडचण डोंगरी भागात स्पष्ट होते. कायद्याप्रमाणे ६० मुलांच्या शाळेला जे दोन शिक्षक व दोन खोल्या लागतात, तेच १२ मुलांच्या शाळेलाही लागतात. म्हणून दुसऱ्या शाळेचा दर मुलामागील वेतनखर्च पहिलीच्या पाचपट होतो. हा उधळपट्टीचा पुरावा नसून विरळ वस्तीत मानक पाळण्याची ती किंमत आहे. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत पूर्वीची छोटी अनुदाने एकत्र करून पटसंख्येवर आधारलेले संयुक्त शाळा अनुदान सुरू झाले. २०२१ नंतरच्या दरांप्रमाणे ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये व पुढे चढत्या क्रमाने एक लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. एकतीस मुलांच्या शाळेतील एक मूल स्थलांतराने गेले, तर तिचे अनुदान १५,००० रुपयांनी घटते. छपरावर पडणारा पाऊस, विजेचे देयक व पाण्याच्या टाकीची दुरुस्ती यांत मात्र घट होत नाही. ज्या ठिकाणी मुसळधार पावसात भिंती व छपरे लवकर खराब होतात आणि साहित्य घाटरस्त्याने आणावे लागते, तेथे महिना सुमारे ८३३ रुपयांत ही सर्व कामे भागवावी लागतात. पूर्व मुळशीतील गावांना अशा वेळी ग्रामपंचायतीचे करउत्पन्न किंवा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांचा आधार मिळू शकतो. पश्चिमेकडील वाडीला तसा शेजार नाही.

लहान शाळांचे भवितव्य : दर मुलामागील खर्च अधिक म्हणून लहान शाळा बंद कराव्यात, हा विचार या गणितातूनच निघाला. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचे समायोजन करण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा स्थापण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी मुळशीच्या दक्षिणेस असलेल्या वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळांचा आदर्श म्हणून उल्लेख झाला. त्या वेळच्या शासकीय माहितीनुसार वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ असून त्यांत १,८५,४६७ मुले व २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे दर शाळेत सरासरी १२ ते १३ मुले आणि दोन शिक्षक असे प्रमाण पडते आणि ते कायद्याच्या मानकाशी तंतोतंत जुळते. सप्टेंबर २०२४ मध्ये अल्प पटाच्या शाळांतील एका पदावर मानधनावरील शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला, तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यास राज्यभर विरोध केला.

समूह शाळेच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. अनेक इयत्तांची दहा मुले दोन शिक्षकांनी शिकविण्यापेक्षा मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेस शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगसाहित्य व समवयस्कांचा सहवास मिळू शकतो. परंतु या तुलनेत काही खर्च मोजले जात नाहीत. दूरच्या मुलांस वर्षाला कमाल ६,००० रुपये वाहतूक भत्ता मिळतो. बारा मुलांचा असा एकूण भत्ता ७२,००० रुपये होतो व दोन शिक्षकांच्या वार्षिक वेतनापुढे तो अल्प दिसतो. तथापि भत्त्याने रस्ता तयार होत नाही आणि ओढ्याला पूर आल्यावर गाडी पलीकडे जात नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाने रोज घाटातून करावयाचा प्रवास, मुलींची शाळा सुटण्याचा संभव आणि वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांचे तुटणारे सातत्य, हा खर्च शासनाच्या हिशेबातून वगळला जाऊन कुटुंबांच्या माथी येतो.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेत केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रोझ खटल्यात (१९८९) राज्याची संपूर्ण शाळाव्यवस्था घटनाबाह्य ठरविली आणि मुलांना पर्याप्त शिक्षण मिळेल एवढी तरतूद करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. त्यानंतर अनेक राज्यांत पर्याप्त खर्च ठरविण्याच्या पद्धती विकसित झाल्या. अनुभवी शिक्षकांच्या व प्रशासकांच्या गटाकडून आदर्श शाळेची गरज ठरवून घेणे, मानके गाठणाऱ्या शाळांचा प्रत्यक्ष खर्च अभ्यासणे आणि संख्याशास्त्रीय रीतीने खर्च व फलनिष्पत्ती यांचा संबंध काढणे, या त्यांतील प्रमुख होत. इंग्लंडच्या निधिसूत्रात विरळ वस्तीतील लहान शाळांसाठी वाढीव भार धरला जातो. जपानने दुर्गम भागांतील शिक्षणास चालना देण्यासाठी १९५४ मध्येच स्वतंत्र कायदा करून तेथील शिक्षकांसाठी विशेष भत्त्याची व्यवस्था केली. लहान शाळा अनिवार्य असेल तेथे तिचा वाढीव खर्च सूत्रातच समाविष्ट करावयाचा, हे या देशांतील समान तत्त्व होय.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या अर्थप्रबंधात साऱ्यावरील उपकर, निकालानुसार अनुदान, खर्चातील ठराविक हिस्सा आणि पटसंख्येनुसार अनुदान अशी सूत्रे क्रमाने आली. प्रत्येक सूत्र आधीच्याचा दोष काही प्रमाणात दूर करणारे होते. वेतनाची जबाबदारी राज्याने स्वीकारणे व शाळेची मानके कायद्याने निश्चित होणे, या दोन मोठ्या उपलब्धी होत. या दोहोंमधील दुवा अद्याप पुरा जोडला गेलेला नाही. कायदा शाळेचे मानक शाळा या एककावर ठरवितो आणि वेतनेतर निधी मुलांच्या संख्येवर वाटला जातो. डोंगरी, अतिवृष्टीच्या व विरळ वस्तीच्या भागांसाठी शाळेचा किमान स्थिर खर्च आधी काढून त्यावर पटसंख्येनुसार वाढ देणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय ठरू शकतो. लहान शाळा विलीन करावयाची झाल्यास रस्ता, वाहन व निवास यांचा खर्च त्याच हिशेबात धरणे तितकेच आवश्यक आहे. तसे झाले तर एखाद्या वाडीवरील शाळा महाग आहे किंवा नाही, हे तेथील मुलांच्या हक्काची पूर्ण किंमत मोजूनच ठरविता येईल.